फोर्टात डबा नसेल त्या दिवशी कुठे जेवायचं

मुंबईच्या फोर्टात धड जेवण मिळत नाही, अशी तक्रार करणारा माणूस बहुतेक वेळा दुपारी सव्वा वाजता डी. एन. रोडच्या फुटपाथवर उभा असतो. वेळही चुकलेली, रस्ताही चुकलेला. त्याच माणसाला अर्धा तास आधी दोन गल्ल्या आत नेलं, तर तो निम्म्या पैशात जेवून बडीशेप चघळत परत येईल. हॉटेलांच्या नावांची यादी पाठ करून इथे फार उपयोग होत नाही, कारण यादीतलं हॉटेल सापडलं तरी खुर्ची सापडेलच असं नाही. आधी घड्याळ, मग गल्ली, मग पाटी आणि शेवटी पदार्थ, या क्रमाने ठरवत गेलं की काम होतं.

आधी वेळेचा हिशोब. जेवणाची सुट्टी पाऊण तासाची धरू. फोर्टातल्या जुन्या इमारतींची लिफ्ट चार-पाच माणसांची असते, त्यामुळे एक वाजता खाली उतरायलाच पाच मिनिटं जातात आणि वर जाताना तेवढीच. तिसरा मजला असेल तर जिना धरावा. चालण्यात जाऊन-येऊन दहा मिनिटं घातली, तर हातात पंचवीस उरतात. म्हणजे पाच मिनिटांच्या चालीपलीकडचं हॉटेल रोजच्या दिवशी बाद. पाच मिनिटांत माणूस साधारण चारशे मीटर जातो, आणि गर्दीतून, हातगाड्या चुकवत, त्याहूनही कमी. सीएसएमटी ते हुतात्मा चौक हे अंतर सुमारे एक किलोमीटर आहे. तेव्हा सीएसएमटीच्या टोकाला ऑफिस असलेल्याने चौकापलीकडच्या काळाघोड्याच्या हॉटेलांची स्वप्नं पाहू नयेत, ती पगाराच्या दिवशी किंवा साहेब बाहेरगावी असतील तेव्हा.

दुसरी गोष्ट म्हणजे पंगतींची वेळ. फोर्टात जेवणाच्या दोन पंगती असतात: बारा ते पाऊण आणि पावणेदोन ते अडीच. मधला तास हा सगळ्या ऑफिसांचा एकत्र तास. त्या वेळेत जायचंच असेल, तर एकट्याने किंवा दोघांनी जावं. पहिल्या पंगतीला भाजी, आमटी सगळं ताजं असतं आणि वेटरचा मूडही. दुसरीला जागा मिळते, पण पावणेतीननंतर राईस प्लेट संपलेली असू शकते. उशीर झालाच, तर आत शिरून बसण्याआधी गल्ल्यावर विचारून घ्यावं, ‘राईस प्लेट आहे का अजून?’ टेबलावर बसून पाणी प्यायल्यावर ‘खतम’ ऐकलं की मग उठवत नाही, आणि माणूस मेन्यूकार्डाच्या मागच्या पानांवरचं काहीतरी मागवतो.

कुठल्या गल्लीत शिरायचं

फोर्टाचा नकाशा एकदा डोक्यात बसला की तो पुसला जात नाही. डी. एन. रोडवरून पूर्वेकडे, म्हणजे बंदराच्या बाजूला वळलं की समांतर रस्ते लागत जातात: बोरा बाजार, मोदी स्ट्रीट, पेरीन नरिमन स्ट्रीट (जुनी माणसं याला अजून बाजारगेट म्हणतात), आणि मग शहीद भगतसिंग मार्ग. या सगळ्यांना आडवा कापतो तो पी. एम. रोड. मोठ्या रस्त्यांवर कमानींखाली दुकानं, बँका, चष्मेवाले आणि महागडे कॅफे. रोजच्या जेवणाची हॉटेलं असतात ती आडव्या गल्ल्यांत. भाडं कमी, आणि गिऱ्हाईक रोजचंच, त्यामुळे पाटी मोठी लावायची गरज नाही.

साधा नियम: मोठ्या रस्त्यावरून किमान एक वळण आत. दोन वळणं आत असेल तर आणखी बरं.

सीएसएमटीच्या टोकाला बोरा बाजार आणि पेरीन नरिमन स्ट्रीटच्या भागात पोटभरीचं, स्वस्त, झटपट मिळतं. पंचम पुरीवाला इथलाच. पुरीभाजी कढईतून थेट ताटलीत, आणि खाऊन झालं की जागा सोडायची. स्टेशनसमोर आराममध्ये वडापावाची गर्दी असते, पण वडापाव हे जेवण आहे की नाही हा प्रत्येकाने आपल्या पोटाशी बोलून ठरवायचा मुद्दा आहे. पी. एम. रोडपासून हुतात्मा चौकापर्यंतच्या पट्ट्यात उडुपी, मंगळूरी, केरळी आणि इराणी-पारशी अशी सगळी सरमिसळ आहे. कावसजी पटेल स्ट्रीट ही एक गल्ली नीट चालून पाहिली तरी हा प्रकार कळतो. महेश लंच होम आणि यझदानी बेकरी हाकेच्या अंतरावर. बॅलार्ड इस्टेट मात्र फसवी आहे. रस्ते रुंद, झाडं, सावली, सगळं छान, पण हॉटेलं मोजकीच. तिथल्या ब्रिटानियाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. 1923 सालचं हे हॉटेल वर्षानुवर्षं दुपारच्या जेवणासाठीच ओळखलं जातं आणि बेरी पुलाव ही त्याची खूण. पण रांग लागते आणि बिल रोजच्या जेवणाचं नसतं. बॅलार्ड इस्टेटमध्ये नवीन नोकरी लागली असेल, तर पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या शिपायाला विचारावं, तो कुठे जेवतो. साहेबाला विचारू नये, साहेब डबा आणतो.

मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून हुतात्मा चौकाचं स्वतःचं स्टेशन आहे. त्यामुळे ज्यांचं ऑफिस चौकाजवळ आहे, त्यांना चर्चगेट अवघ्या एका आणि काळबादेवी दोन स्टेशनांवर आलं. जिने, तपासणी आणि प्लॅटफॉर्म धरून पाऊण तासात हे बसत नाही. तासाभराची सुट्टी असेल तर बसतं.

पाटी काय सांगते

हॉटेलच्या नावाआधी त्याच्या नावातला शेवटचा शब्द वाचावा. ‘लंच होम’ म्हटलं की मासे, बहुधा मंगळूरी हाताचे: नारळाची गस्सी (म्हणजे रस्सा), नीर डोसा, उकड्या तांदळाचा भात. ‘गोमांतक’ किंवा ‘मालवण’ असेल तर सोलकढी आणि तिरफळाचा वास. ‘भोजनालय’ म्हणजे शाकाहारी थाळी, बहुधा गुजराती किंवा मारवाडी वळणाची, वाढपी फिरत राहणार. नावात ‘उडुपी’, ‘कृष्ण’, ‘विलास’, ‘भवन’ यांपैकी काही असेल तर राईस प्लेट असणारच. ‘मेस’ हा शब्द दिसला तर केरळी जेवण: उकडा भात, सांबार, मोरू (म्हणजे ताक), आणि हवी तर मासळीची आमटी वेगळी. ‘स्नॅक्स अँड ज्यूस’ लिहिलं असेल तिथे जेवू नये. तिथे सँडविच चांगलं मिळेल, थाळी नाही.

एक पाटी पाहून लोक उगाच मागे फिरतात. ‘बार अँड रेस्टॉरंट’ किंवा ‘परमिट रूम’. फोर्टातल्या कित्येक चांगल्या माशांच्या थाळ्या याच दारांआड आहेत. दुपारी तिथे पिणारे थोडे आणि जेवणारे जास्त. तळमजल्यावर अंधार वाटला तर ‘फॅमिली वर आहे का?’ विचारावं, पोटमाळ्यावर बहुतेकदा वेगळी बसायची जागा असते. बायकांनी एकटीने जायचं असेल तर तीच जागा सोयीची.

आणखी एक बारीक गोष्ट. एकाच हॉटेलात खाली साधा हॉल आणि वर एसी असेल, तर बहुतेक ठिकाणी दोन दर असतात. स्वयंपाकघर एकच, भाजी एकच. मे महिन्यात वरचे वीस-तीस रुपये वसूल होतात, जानेवारीत होत नाहीत. दरपत्रक खालचं वाचून वर बसलं की बिलावर वाद होतो, म्हणून बसल्या जागचं कार्ड मागून घ्यावं.

राईस प्लेट ओळखायची कशी

फोर्टातलं रोजचं जेवण म्हणजे राईस प्लेट. बाकी सगळं अधूनमधून. साध्या उडुपी हॉटेलात आज तिला साधारण सव्वाशे ते दोनशे रुपये पडतात. ताटात तीन चपात्या किंवा चार-पाच पुऱ्या, एक कोरडी भाजी, एक रस्सा किंवा उसळ, डाळ किंवा सांबार, रसम, भात, दही किंवा ताक, पापड, लोणचं. काही ठिकाणी एक गोडाची वाटी. ‘लिमिटेड’ म्हणजे एवढंच. ‘अनलिमिटेड’ला भाजी-चपाती पुन्हा मिळते आणि दर वाढतो. दुपारी परत संगणकासमोर बसायचं असेल तर लिमिटेड पुरते. अनलिमिटेडची किंमत साडेतीन वाजता डोळे मिटताना कळते.

चांगली की वाईट, हे बसण्याआधीच कळतं. काउंटरच्या मागे बघा. वाट्या भरून ताटं एकावर एक रचून ठेवली असतील, तर त्यातली भाजी बाराला भरलेली आहे. ती पाऊणला कोमट असते आणि दोनला गार, वर तेलाचा तवंग थिजलेला. वाढपी बादली किंवा मोठं पातेलं घेऊन वाट्या समोर भरत असेल तर निश्चिंत बसावं. दुसरी खूण म्हणजे रसम. वाटी बोटाला चटका देईल इतकी गरम हवी. गार रसम म्हणजे बाकीचंही सकाळचंच. तिसरी खूण पापडाची. मऊ पापड आला तर तो सकाळी तळून डब्याबाहेर राहिलेला आहे, आणि हा निष्काळजीपणा फक्त पापडापुरता राहत नाही. चपातीच्या कडा वाळून वर वळल्या असतील तर पुऱ्या मागाव्यात. पुरी आधी तळून ठेवणं हॉटेलवाल्यालाही परवडत नाही, ती बसते.

राईस प्लेट मागवण्याचं खरं कारण वेळ. ती तयार असते, तीन ते पाच मिनिटांत टेबलावर येते. त्याच हॉटेलात मसाला डोसा मागवला तर तव्याची पाळी येईपर्यंत दहा मिनिटं जातात, आणि काही हॉटेलं तर जेवणाच्या वेळेत डोसा करतच नाहीत. मेन्यूच्या मागच्या पानांवरचं पनीर अमुक, शेझवान तमुक मागवलं तर पंधरा-वीस मिनिटं गेली. शिवाय उडुपीच्या आचाऱ्याचा हात सांबारावर बसलेला असतो, मांचुरियनवर नाही. जिथे जे रोज शंभर-दोनशे ताटं जातं तेच तिथे मागवावं.

टेबल शेअर करणं इथे रीत आहे. रिकामी खुर्ची दिसली की ‘बसू का?’ एवढं विचारायचं, समोरचा मान हलवतो, झालं. आपलं ताट आपल्याकडे ओढून घ्यावं, पाण्याचा जग मध्ये ठेवावा. जेवून झाल्यावर मोबाइल काढून बसू नये. मागे उभा असलेला माणूस तुमच्या ताटाकडेच बघत असतो.

मासे खायचे असतील तर

भाव न विचारता सुरमई किंवा पापलेट मागवणं ही फोर्टातली सगळ्यात महाग चूक. कार्डावर जिथे आकड्याऐवजी ‘एपीएस’ किंवा ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं, तिथे वेटरला सरळ विचारावं, आज केवढी आहे आणि कितीला. मोठ्या हॉटेलात ताटलीत मासा आणून दाखवतात, दाखवायला सांगण्यात कमीपणा नाही. रोजच्या जेवणाला बांगड्याची किंवा मांदेलीची थाळी बरी. बांगडा स्वस्त, त्याचा खप मोठा, त्यामुळे तो शिळा राहत नाही. थाळीत बहुतेक एक तळलेली तुकडी, आमटीची वाटी, भात, चपाती किंवा भाकरी आणि सोलकढी. तळलेलं मागवताना रवा की तवा हे सांगावं. रव्याचं कवच मासा नरम पडला असेल तरी झाकून नेतं, तव्यावरचा मासा स्वतःची खरी तब्येत सांगतो. नव्या हॉटेलात पहिल्यांदा तवाच.

1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात येतो तो बर्फातला, बाहेरून आलेला किंवा गोड्या पाण्यातला मासा. भाव चढे, चव पडलेली. या दोन महिन्यांत लंच होममध्ये जाऊन कोंबडीची गस्सी खावी किंवा सुक्या जवळ्याची चटणी मागावी. श्रावणात गंमत उलटी होते. मासेमारी सुरू झालेली असते, पण मराठी गिऱ्हाईक निम्मं गळालेलं. ज्यांना पाळायचा नसतो त्यांना एरवी न मिळणारी टेबलं याच महिन्यात मिळतात.

वाराचंही असंच. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी: उडुपीत उभं राहायला जागा नाही आणि लंच होममध्ये पंखे रिकाम्या टेबलांवर फिरताहेत. बुधवारी, शुक्रवारी याच्या नेमकं उलट. पाळत नसाल तर गर्दीच्या उलट्या दिशेने जा. संकष्टीला उपवासाचं हवं असेल तर बाराच्या आत पोचा. साबुदाण्याची खिचडी एकदा उरलेली परत गरम केली की तिचा गोळा होतो, आणि दीड वाजता ती तशीच मिळते. शुक्रवारी एक ते दोनच्या दरम्यान मुस्लीम मालकांची काही बिर्याणीची दुकानं नमाजासाठी शटर अर्धं ओढून घेतात. बंद आहे समजून परत फिरू नये, थोडं थांबावं किंवा आधी जावं.

इराणी आणि पारशी जागांमध्ये खिमा-पाव हा दुपारचा भरवशाचा पदार्थ, कारण तो सकाळपासून शिजत असतो आणि जितका मुरतो तितका बरा लागतो. धनसाक (डाळीत शिजवलेलं मटण) मात्र काही ठिकाणी आठवड्यातल्या ठरावीक वारीच असतो. त्या दिवसाचे पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले असतात, छापील कार्डापेक्षा फळा वाचावा.

गाडीवरचं

पंधरा मिनिटंच असतील तर दलाल स्ट्रीटच्या आसपासच्या गाड्या, किंवा चर्चगेटच्या बाजूला असाल तर एसएनडीटीजवळची खाऊगल्ली. इथे नियम एकच: जे समोर तापतंय ते खायचं. तव्यावरची भाजी, तळणीतला वडा, टोस्टरमधलं सँडविच चालेल. सँडविचवाल्याकडे बटाटा-काकडी-बीट किती वेळ आधी कापून ठेवलंय ते पाहावं. कडा सुकल्या असतील तर साधं चीज टोस्ट घ्यावं. हिरवी चटणी पातळ आणि पाणचट असेल तर वगळावी. पोट बिघडतं ते वड्याने क्वचित, चटणीने, पाण्याने आणि बर्फाने नेहमी. पावसाळ्यात तर कापलेली फळं आणि बर्फाचं सरबत नकोच. ताटल्या धुवायची बादली नजरेआड असेल तर कागदावर मागावं.

नकाशा, पैसे, बिल

फोनवरच्या नकाशात तारे बघून हॉटेल निवडलं तर फोर्टात फसगत होते. तारे बहुतेक संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आलेल्यांनी दिलेले असतात. त्यांनी खाल्लं बटर-गार्लिक खेकडा, आणि तुम्हाला हवी आहे दीड वाजताची थाळी. नकाशाचा उपयोग वेगळा करावा. फोटोंमध्ये मेन्यूकार्डाचा सर्वांत अलीकडचा फोटो शोधा आणि तारीख पाहा, दर कळतो. मग अभिप्रायांत ‘थाळी’ किंवा ‘लंच’ हा शब्द टाकून शोधा. उघडण्या-मिटण्याच्या वेळांवर विसंबू नका. साडेतीन ते सात बंद ठेवणारी हॉटेलं नकाशात दिवसभर उघडी दिसतात.

यूपीआय सगळीकडे चालतं, पण फोर्टातल्या इमारतींच्या जाड दगडी भिंतींत, आणि विशेषतः पोटमाळ्यावर, रेंज जाते. मागे दहा माणसं उभी असताना गल्ल्यावर फोन गरगरत राहतो. खिशात तीनशे रुपये रोख ठेवावेत, त्यात दहा-वीसच्या नोटा. काही जागी आधी गल्ल्यावर पैसे भरून कुपन घ्यायचं आणि मग काउंटरवर द्यायचं असतं. आत शिरून थेट खुर्चीत बसलं की वेटर फिरकतच नाही, आणि माणूस वेटरवर चिडतो. शिरल्याबरोबर एक क्षण थांबून बाकीचे काय करताहेत ते पाहावं.

बिलावर जीएसटी 5 टक्के. कंपोझिशन योजनेतलं (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेतलं) हॉटेल वेगळा जीएसटी लावू शकत नाही, कार्डावरचा दर हाच दर. सेवाशुल्क सक्तीचं नाही. मोठ्या हॉटेलात बिलात घातलेलं दिसलं तर काढायला सांगता येतं.

सहा जणांची टोळी

वाढदिवसाला, बढतीला सगळे मिळून जायचं ठरतं आणि एक वाजता सहा खुर्च्या एकत्र कुठेच मिळत नाहीत. दोन पर्याय आहेत. एक, साडेअकराला एकाने फोन करून विचारायचं आणि सव्वाबाराला सगळ्यांनी बसायचं. दोन, सरळ दोन टेबलांवर तीन-तीन जण. तिसरा पर्याय, म्हणजे दारात घोळका करून जागा रिकामी व्हायची वाट बघणं, यात वीस मिनिटं जातात आणि शेवटी सगळे सँडविच खाऊन परत येतात. ऑर्डर देताना सहा जणांनी सहा पदार्थ सांगू नयेत. सर्वांत उशिरा होणाऱ्या पदार्थापर्यंत बाकीच्यांचं गार होतं. चार थाळ्या आणि मध्ये दोन माशांच्या ताटल्या, असं जमतं.

रविवारी या यादीतलं फारसं काही लागू नाही. ऑफिसं बंद म्हणून फोर्टातली कित्येक हॉटेलंही बंद, बॅलार्ड इस्टेट तर सुनसान. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद असल्याने तेव्हाही गर्दी अर्धी असते आणि काही स्वयंपाकघरं माल कमी करतात. एकनंतर गेलं तर दोन भाज्यांपैकी एकच उरलेली असते. रविवारी काम पडलंच, तर काळबादेवीकडे वळावं. दादीशेठ अग्यारी गल्लीत श्री ठाकर भोजनालय आहे, 1945 पासूनचं. गुजराती थाळी, तुम्ही ‘बस’ म्हणेपर्यंत वाढपी थांबत नाहीत. तिथे जायचं तर तास-दीड तास हातात हवा, आणि तूप नको असेल तर फुलके ताटात पडायच्या आधी सांगायला हवं.